काहिलीचे टोले

गडमुडशिंगीहून उचगावकडं जाणाऱ्या वाटेवर आता प्लॉट पडलेत. रंगीत बंगले, गेटवर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी, आणि आत कुत्रं नाहीच. इथं हंबीररावांचं गुऱ्हाळ होतं असं सांगायला गेलं तर आजची पोरं हूं म्हणतात आणि फोन वाजला की उठून जातात. जाऊ देत बापडी. पण ज्यानं तो वास एकदा घेतलाय, त्याला विचारा. दिवाळी सरली की रस उकळायला लागायचा आणि वास पार बसथांब्यापर्यंत जायचा. यष्टीतली माणसं खिडकीतनं मान बाहेर काढायची. वाटेनं कोणी का जाईना, ओळखीचा असो की नसो, तो कोरड्या तोंडानं पुढं गेला तर मालकाला कमीपणा. "या पावणं" म्हणून हाळी द्यायची, उसाच्या कांड्यावर गरम गूळ घ्यायचा, हातात द्यायचा. तोंड भाजलं तरी माणूस हसतच जायचा.

त्या गुऱ्हाळाचा गुळव्या होता शमुवेल कांबळे. गावानं त्याचं शामूदादा केलं होतं. ओढ्याच्या अलीकडं ख्रिस्ती लोकांची अकरा घरं, त्यातलं एक त्याचं. शेजारीच त्यांचं कौलारू देऊळ. होय, देऊळच. आपल्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणायची.

गुळव्या म्हणजे काहिलीचा, रस उकळायच्या त्या पसरट कढईचा, धनी. गुऱ्हाळ हंबीररावांचं खरं, पण रस चुलवाणावर चढला की हुकूम गुळव्याचा. रस निवळायला भेंडीचं पाणी कधी सोडायचं, मळी कधी काढायची, काहील कधी उतरायची, सगळं त्यानं ठरवायचं. जरा उशीर झाला तर गूळ काळा, घाई झाली तर ढेप बसत नाही. शामू वीस वर्षं त्या काहिलीवर होता, आणि त्याचा गूळ शाहूपुरीच्या पेठेत बघताक्षणी ओळखायचे.

आणि खाली, चुलवाणाच्या तोंडाशी, पिळल्या उसाचं वाळलं चिपाड आत सारायला बसायचा नागसेन. शामूचा सख्खा चुलतभाऊ. आता गंमत ऐका. हे दोघं भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वर एक, खाली एक, मधे उकळती काहील. शामूनं झाऱ्याचा दांडा काहिलीच्या काठावर एकदा ठोकला की जाळ वाढवायचा. दोनदा ठोकला की जाळ ओढायचा, म्हणजे जळतं चिपाड बाहेर काढायचं. टण. टण टण. दोघांचं बोलणं एवढंच. नव्या गड्याला वाटायचं, गुऱ्हाळाची रीतच अशी असेल.

रीत कसली आलीय? आक्का मेली त्या दिवसापासूनची ती गाठ होती.

आक्का म्हणजे दोघांची आत्या. लग्नानंतर वर्षातच कपाळ पांढरं करून माहेरी आली, मिशनच्या शाळेत आया म्हणून लागली आणि तिथंच तिनं बाप्तिस्मा घेतला. तिच्या मागं थोरला भाऊ, म्हणजे शामूचा बाप, ख्रिस्ती झाला. धाकट्यानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी पोरगा झाला त्याचं नाव नागसेन ठेवलं. शामूची आई लवकर गेली होती, नागूची आई रोजगाराला जायची. दोन्ही पोरं आक्काच्याच ताटात वाढली. जेवायच्या आधी ती दोघांना डोळे मिटायला लावायची.

"आमच्यात देव न्हाय," नागू म्हणायचा. पाच-सहा वर्षांचं पोर.

"मग भाकरी कुणी थापली तिचं उपकार मान. पर डोळं मीट," आक्का म्हणायची आणि तेवढ्यात त्याच्याकडं मोठा चतकोर सरकवायची. शामूनं ते मिटल्या डोळ्यांच्या फटीतनं कितीदा बघितलं होतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आक्का गेली. त्याच साली शामूला देवळाच्या मंडळीत पंच केलेलं, आणि पंचपण अंगात आलेलं. पेटी उचलायच्या वेळी नागू पांढरा सदरा घालून आला. खांदा द्यायला पुढं झाला, तर शामूनं त्याच्या छातीला हात लावून त्याला थांबवलं.

"हितनं म्होरं आमची मंडळी. तू ऱ्हाऊ दे."

एवढंच वाक्य. पण माणसाला खांदा नाकारणं म्हणजे काय, हे ज्याला नाकारला त्यालाच ठाऊक. नागू दफनभूमीच्या कुंपणापर्यंत मागं मागं आला. आक्कावर टाकायला त्यानं आपल्या उंबऱ्यापासली मूठभर माती घेतली होती. सगळं उरकेपर्यंत तो कुंपणाबाहेर मूठ मिटून उभा राहिला आणि मग कुठंतरी निघून गेला.

शामूला त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. उलट, आपण धर्म राखला असंच वाटलं. त्याच्या डोक्यात सगळ्या गोष्टींना बांध होता. बांधाच्या आत अकरा घरं, बाहेर बाकीचं जग. बायको सरुबाई विहाराच्या बाजूच्या नळावर पाण्याला गेली तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. विहारात पोरांची शिकवणी होती, चांगली होती, तरी त्यानं आपली लेक तिथं पाठवली नाही. रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायचा, त्यात खोट नव्हती. पण प्रार्थना व्हायची ती त्या अकरा घरांपुरती.

मग अठ्ठ्याण्णवचा हंगाम आला. शामूच्या डोळ्यांत वाफेनं आणि जाळानं पडदा आलेला. काहिलीवर वाकला की फेसाच्या ठिकाणी नुसतं पांढरं ढवळं दिसायचं. रंग कळायचा नाही. सरुबाई म्हणाली, "मिरजेला दाखवा की. पडदा काढत्यात."

"हंगाम झाल्यावर."

"तवर काय, आंधळी कोशिंबीर खेळायची काहिलीवर?"

"गप ऱ्हा. कुणाला बोलशील बिलशील."

कारण डोळे गेले की काहील गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गावात ख्रिस्ती कांबळ्याच्या हातचा गूळ सगळ्यांच्या देवघरात जायचा. त्या एका गोष्टीवर त्याची मान ताठ होती. काहिलीवरनं उतरला तर तो कोण उरणार होता? म्हणून तो गप्प राहिला, अंदाजानं ठोकत राहिला, आणि नवल म्हणजे गूळ पहिल्यासारखाच पिवळाधमक उतरत राहिला. शामूला वाटलं, देवानं हाताला डोळे दिले. हंगामाची पहिली पाच किलोची ढेप त्यानं पांढऱ्या धडप्यात बांधून कापणीच्या सणासाठी बाजूला ठेवली. दरसाल ठेवायचा. देवळात वेदीपुढं सगळ्यांत देखणं अर्पण त्याचंच असायचं.

डिसेंबर लागला. सहा तारखेला नागसेन विहारातल्या माणसांबरोबर दादरला जायचा, चार दिवस. त्या साली त्याच्या जागी जाळाला पिराजी बसला. हा पिराजी म्हणजे साधा गडी, सांगितलं तेवढं करणारा.

पहिल्याच दिवशी काहील करपली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. डांबरासारखा काळा गूळ गार करायच्या वाफ्यात पसरलेला बघून हंबीरराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यो काय गूळ म्हणायचा? ह्यानं रस्ता करा पंचायतीचा."

शामू खाली वाकून ओरडला, "पिराजी, जाळ किती घालतुयास? अक्कल हाय का न्हाय?"

पिराजी चिपाडाचा भारा टाकून वर आला. तोंडावर काजळी, घाम. "मी काय केलं? तू ठोकशील म्हणून वाट बघत बसलो. तू ठोकलंसच न्हाय."

"ठोकाय पायजे व्हय रं? कळत न्हाय?"

"मला न्हाय कळत. नागूला कळतंय. त्यो तर तू ठोकायच्या आदीच जाळ वढतोय की. औंदा समदा हंगाम तसंच चाललंय. समद्यास्नी ठावं हाय."

चरकावरचा गडी दुसरीकडं बघायला लागला. शामूच्या कानशिलातनं वाफ निघाल्यागत झालं. हंबीररावांनी मात्र ते बोलणं मनावर घेतलं नाही. ते म्हणाले, "आपली चूक दुसऱ्याच्या पदरात घालतोस व्हय? उद्यापासनं येऊ नगंस." आणि पिराजी घोंगडं खांद्यावर टाकून गेला. जाताना त्यानं शामूकडं एकदा बघितलं. शामूच्या तोंडून त्या वेळी एक शब्द निघाला असता तर त्या माणसाचं काम राहिलं असतं. तो निघाला नाही.

मंगळवारी नागसेन परतला आणि चुलवाणापुढं बसला. बुधवारी शामूनं मुद्दाम परीक्षा घेतली. झारा हातात धरला आणि ठोकलंच नाही. रस खदखदत होता. मग आवाज बदलला, फसफस जड झाली, करपायच्या जरा अलीकडचा तो खरपूस वास सुटला. आणि शामू हात आवरून उभा असतानाच खालची धग उतरली. नागूनं जाळ ओढला होता. शामूनं थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली. बरोब्बर. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही.

पहिल्यांदा त्याला रागच आला. माझ्यावर उपकार करतोय व्हय हा? मग राग कुठंतरी गेला आणि नुसती लाज उरली. अख्खा हंगाम देवानं हाताला डोळे दिले म्हणून तो स्तुती करत होता. ते डोळे बांधाच्या बाहेरच्या माणसाचे निघाले. ज्याला त्यानं खांदा देऊ दिला नाही, तो खालून त्याची लाज राखत होता, आणि कधी खाकरलाही नव्हता.

रविवारी कापणीचा सण. देवळात वेदीपुढं जोंधळ्याची कणसं, भोपळे, शेंगांची टोपली, कुणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली. मधोमध शामूची ढेप. पाळकसाहेब नवे होते, सांगलीकडचे, हळू बोलणारे. त्या दिवशी त्यांनी फार लांबण लावली नाही. म्हणाले, "प्रभूनं सांगितलंय, तू दान घेऊन आलास आणि इथं तुला आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काहीतरी आहे, तर दान वेदीपुढं तसंच राहू दे. आधी त्याच्याकडं जा. देव काही घाईत नाही, तो थांबेल."

हे वचन शामूला तोंडपाठ होतं. लहानपणी आक्कानंच पाठ करून घेतलं होतं. तीस वर्षं तो ते म्हणत आला आणि भाऊ म्हणजे मंडळीतला भाऊ असं धरून चालला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की वचनात कुठं मंडळीचं नाव नाही. भाऊ म्हटलंय. त्याला तर भाऊ एकच होता. देवाभोवती बांध घातला कुणी? देवानं तर नाही. आक्कानंही नाही. तिनं नुसतं ताट सारलं होतं पुढं.

गायन सुरू व्हायच्या आत शामू उठला. चाचपडत वेदीपर्यंत गेला, ढेप उचलली आणि खांद्यावर घेऊन मधल्या वाटेनं चालू लागला. मंडळी बघतच राहिली. मागं बसलेला एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "आरं, दान हितंच ठेवाय सांगितलंय. तू उचलून कुटं चाललास?"

"ती माझी न्हवंच," शामू म्हणाला आणि बाहेर पडला. सरुबाईनं कपाळावरचा पदर सारखा केला आणि गायनाची चाल धरली. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

नागूचं घर तीनशे पावलांवर होतं. बारा वर्षांत शामूनं ती तीनशे पावलं टाकली नव्हती. अंगणात नागूची बायको बायडाबाई शेंगा वाळत घालत होती. तिनं वर बघितलं आणि आत गेली. नागू दारात आला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली आक्काचा एक लहानसा फोटो. शामूला फोटो दिसला नाही, तो पुढं सांगितल्यावर कळला.

"या पावणं," नागू म्हणाला. "बसा."

वाटेनं जाणाऱ्या परक्याला म्हणतात तसं. शामूला ते खांद्यावरच्या ढेपेपेक्षा जड वाटलं.

"मी पावणा न्हवं रं, नागू."

"बारा वर्सं झाली. दुसरं काय म्हनू?"

शामूनं ढेप ओट्यावर ठेवली. "ही तुजी हाय. औंदाचा समदा गूळ तुजा हाय. मला दिसत न्हाय. तुला ठावं हाय ते."

"ठावं हाय की. दोन टोल्यांच्या जागी एक टोला द्याय लागलास तवाच कळलं."

"मग का झाकलंस? करपू द्यायचं हुतंस."

"ऊस बिचाऱ्यानं काय केलंय?" नागू म्हणाला. "आनि तू काहिलीवरनं गेला असतास. आक्काला लई कौतिक हुतं. माजा शामू गुळव्या हाय म्हनून गावभर सांगायची."

हे ऐकून शामू ओट्यावर बसला आणि रडला. लपवून नाही, सरळ रडला. "मी तुला खांदा देऊ दिला न्हाय नागू. मला वाटलं मी देवाचं काम करतुय. पिराजीचं पण काम घालवलं, तोंड मिटून ऱ्हायलो. मला माफ कर असं म्हनायलाबी तोंड न्हाय."

नागू अंगणातल्या शेंगांकडं वळला. लगेच विरघळणारा माणूस नव्हता तो, आणि का विरघळावं? बायडाबाईनं आतनं तांब्या आणून शामूपुढं ठेवला. पाणी पिऊन होईपर्यंत नागू शेंगांकडं बघत उभा होता. मग त्यानं पायात चपला घातल्या, उंबऱ्यापाशी वाकला आणि मूठभर माती घेतली.

"चल," म्हणाला.

दुपारचं ऊन होतं. दफनभूमीच्या फाटकाशी नागू थांबला. चपला काढल्या. तरी पाय आत पडेना. शामू पुढं गेला होता, तो मागं आला आणि त्यानं नागूचा दंड धरला. आंधळ्यानं डोळसाचा धरावा, तसा प्रकार. दोघं आत गेले. कशी होती ती जागा? साधीच. घाणेरीची झुडपं, सिमेंटचे चार-दोन क्रूस, आणि आक्काच्या उशाला शिरीषाचं झाड.

नागू मातीच्या उंचवट्यापुढं उभा राहिला. "डोकं कुटल्या बाजूला हाय?" त्यानं विचारलं.

ज्याला तिनं भरवलं, त्याला तिचं डोकं कुठं आहे ते विचारावं लागत होतं. "झाडाकडं," शामू म्हणाला.

नागूनं मूठ उघडली. माती उशाशी पसरली, हातानं थापली, भाकरी थापतात तशी हळूहळू. मग हात जोडले. शामूनंही डोळे मिटले. कोण काय म्हणत होता ते त्याचं त्याला ठाऊक. पण बऱ्याच वेळानं शामूनं फटीतनं बघितलं, जुन्या सवयीनं. दिसलं नाहीच काही, नुसती नागूची पांढरट सावली. ती हलत नव्हती.

सोमवारी शामूनं हंबीररावांपुढं उभं राहून सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, पिराजीचं, सगळं. हंबीररावांनी आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग विचारलं, "आता काहिलीवर कोण बसायचं? माजा बा?"

"नागू."

"त्येला येतंय?"

"औंदाचा गूळ खाल्लासा न्हवं? त्येनंच केलाय."

हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला. "आनि तू?"

"मी खाली बसतो. चिपाड साराय डोळं कशाला लागत्यात? बाजूला पिराजीला बोलवा, त्यो बघंल माज्याकडं."

वीस वर्षांचा गुळव्या असा पायऱ्या उतरून चुलवाणाच्या तोंडाशी जाऊन बसला. गडी चोरून बघत होते. काहिलीवर चढलेल्यानं खाली उतरायचं म्हणजे केवढी नामुष्की, हे गुऱ्हाळावर सगळ्यांना कळतं. शामूनं सदरा काढून ठेवला, चिपाड हातानं चाचपलं, ओलं बाजूला टाकलं, वाळलं आत सारलं. धग तोंडावर आली. इथं बसून बारा वर्षं हा माणूस वरच्या टोल्यांची वाट बघत होता, हे त्याला त्या धगीत बसल्यावर कळलं.

वर रस चढला. भेंडीचं पाणी पडलं, मळी निघाली. नागूनं झारा फिरवला, तो हात नवखा वाटला नाही. खदखद वाढली, आवाज जड होत गेला. मग वरनं टोले आले.

टण टण.

शामू हलला नाही. पिराजीनं त्याच्याकडं बघितलं. "वढ की जाळ. ठोकलं न्हवं त्येनं?"

"मला ऐकू आलं न्हाय," शामू म्हणाला आणि मांडी ठोकून बसला.

टण टण. आता जरा जोरात. वास खरपूस व्हायला लागला. हंबीरराव बाजेवरनं उठले. पिराजीनं स्वतःच जाळ ओढायला हात घातला, तर शामूनं त्याचं मनगट धरून ठेवलं.

"सोड की. करपंल!"

"थांब जरा."

वर झारा थांबला. उकळी फसफसत होती. मग काहिलीच्या काठावरनं नागूचा चेहरा खाली वाकला, घामानं डबडबलेला, चिडलेला.

"दादा, जाळ वढ की! तुझ्या त्या देवाची आन हाय तुला, गूळ चाललाय समदा!"

बारा वर्षांनी 'दादा' हा शब्द आला होता. शामूनं दोन्ही हातांनी जळतं चिपाड भसाभसा बाहेर ओढलं. हाताचे केस जळले, तरी हसत होता.

"वढतोय रं," तो वर बघून म्हणाला. "तोंड असताना ठोकत कशाला बसतुयास?"

ती काहील जरा लालसरच उतरली. तिला पेठेत भाव कमी आला असता, म्हणून ती पेठेत धाडलीच नाही. आठवडाभर वाटेनं जाणाऱ्या येणाऱ्याला तोच गूळ दिला, विहारात दिला, आणि पुढच्या रविवारी एक ढेप देवळात वेदीपुढं गेली. ती दोघांनी मिळून नेली होती.